लाट कुठवर चढते? किनाऱ्याच्या उताराच्या आकड्याचा इतिहास

लाट फुटल्यावर तिचे पाणी किनाऱ्यावर जिथवर चढते, त्या उंचीला इथे लाटेची धाव म्हटले आहे. ही धाव वाळूवरच्या पावलांनी मोजायची नसते. शांत पाण्याच्या पातळीपासून ती सरळ वर, उभ्या मापाने मोजतात. भरतीची पातळी वेगळी, वादळी वाऱ्याने आणि हवेच्या कमी दाबाने फुगलेले पाणी वेगळे, आणि या दोन्हींच्या वर लाटेची धाव वेगळी. तिन्हींची बेरीज केली की पाणी कुठवर येणार ते कळते. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा माथा किती उंच ठेवायचा, रस्ता कुठून न्यायचा, माडाची बाग किती आत सरकवायची, हे त्या बेरजेवर ठरते.

धाव काढण्यासाठी संगणकाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: लाटेची उंची, लागोपाठच्या दोन लाटांमधला काळ आणि किनाऱ्याचा उतार. पहिल्या दोन गोष्टी समुद्रात तरंगणारा बोया मोजून देतो. तिसरी दिसायला सगळ्यात सोपी, कारण ती डोळ्यासमोरच असते. प्रत्यक्षात घोळ होतो तो तिचाच. उतार कुठून कुठवर मोजायचा, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या शून्यापासून, या प्रश्नांना प्रत्येक पिढीतल्या अभियंत्यांनी वेगळी उत्तरे दिली. ती सगळी उत्तरे आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘उतार’ या एकाच रकान्यात येऊन बसली आहेत.

आकड्याच्या आधी हाताचा अंदाज होता. कोकणात खाडीकाठची खारी जमीन बांध घालून भाताखाली आणण्याची रीत जुनी आहे. अलिबाग-पेण भागात असे बांध घालणाऱ्या आणि राखणाऱ्या व्यवस्थेला शिलोत्री म्हणत. गोव्यात अशाच जमिनींना खाजण म्हणतात. पाणी आत-बाहेर सोडायला बांधात उघाडी ठेवायची, आणि उधाणात बांध फुटून खांड पडली की गावाने मिळून ती बुजवायची, असा हा कारभार. बांधाची पाण्याकडची बाजू उभी ठेवली तर लाट आपटून माती ओढून नेते. ती पसरट ठेवली तर लाटेचा जोर वाटेतच मरतो, पण माती जास्त लागते आणि जमीनही जास्त अडते. हा व्यवहार बांध घालणाऱ्यांना पुरता ठाऊक होता. मुंबई राज्याने १९४८ मध्ये खार जमिनींसाठी कायदा केला, महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा केला, आणि बांधांचे काम सरकारी आराखड्यांत शिरले. तिथे उतार ‘एकास दोन’, ‘एकास तीन’ अशा मापात लिहिला जाऊ लागला.

लाटेचे गणित मात्र कागदावर आधी आले ते स्कॉटलंडमध्ये. दीपगृहे बांधणारा अभियंता टॉमस स्टीव्हन्सन (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई त्याचाच मुलगा) याने १८५२ च्या सुमारास एक साधे सूत्र मांडले. वाऱ्याला मोकळे पाणी किती सागरी मैल मिळते ते पाहायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे, त्याला दीडने गुणायचे. आली लाटेची उंची फुटांत. थोड्या मोकळ्या पाण्यासाठी त्याने पुढे दुरुस्तीही दिली. चार सागरी मैल मोकळे पाणी असेल तर दुरुस्तीसह सुमारे चार फुटांची लाट येते. या सूत्रात वाऱ्याचा वेग नाही आणि उतारही नाही. तरीही जगभरच्या धरणांवर ते कित्येक दशके वापरले गेले, कारण लाटेचा प्रश्न फक्त समुद्रकाठच्यांचा नव्हता.

हे समजायला ग्वाल्हेरचे उदाहरण चांगले. या शहरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, पण शहराच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः सांक नदीवरच्या तिघरा जलाशयाचे, आणि जलाशय म्हटला की लाट आलीच. शिंदे संस्थानात माधवराव शिंद्यांच्या काळात पाटबंधाऱ्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. तिघरा हे त्यांतले नावाजलेले. १९१६ मध्ये ते पुरे झाले आणि १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरल्याने ते गेले; लाटेचा त्यात हात नव्हता. पुढे ते पुन्हा उभे राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे नंतर तिघऱ्यालाही लागले. असे दरवाजे लावले की पाणी सांडव्याच्या माथ्याच्या वर अडवता येते. साठा वाढतो, पण पाणी आणि धरणाचा माथा यांच्यातली मोकळी उंची, म्हणजे फ्रीबोर्ड, जास्त काटेकोरपणे सांभाळावी लागते. त्या मोकळ्या उंचीत मुख्य वाटेकरी लाट असते.

दगडी धरणाची भिंत जवळपास उभी, म्हणून तिथे उताराचा प्रश्न गौण. मातीच्या धरणात तो मुख्य. ग्वाल्हेर जिल्ह्यातच पार्वती नदीवरचे हरसी धरण, १९३५ चे, मातीचे आहे. महाराष्ट्रात पैठणचे जायकवाडी मातीचेच, दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचे. जायकवाडीच्या नाथसागरासारख्या पसरट जलाशयावर वारा सुटला की लाट तिरक्या उतारावर चढत जाते. म्हणून पाण्याकडच्या बाजूला दगडांचे पिचिंग करतात. ते माती धरून ठेवते आणि खडबडीतपणामुळे पाण्याची धावही रोखते: गुळगुळीत उतारावर जी धाव येते, ती दगडांच्या दोन थरांवर जवळजवळ निम्मी होते. मातीच्या धरणांच्या फ्रीबोर्डसाठी भारतीय मानक ब्यूरोचे १०६३५ क्रमांकाचे मानक १९९३ चे आहे. त्यात लाटेची धाव काढण्याची रीत सॅव्हिल या अमेरिकी अभियंत्याच्या पद्धतीवर उभी आहे. तिघऱ्याच्या किंवा हरसीच्या काठावर उभे राहून जो हिशेब करायचा, तो रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्यावर करायच्या हिशेबाचा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच की धरणाचा उतार माणसाने घातलेला असतो आणि नकाशात लिहिलेला सापडतो.

उताराला सूत्रात जागा मिळाली विसाव्या शतकात. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर बंदरे बांधणारा रामोन इरिबारेन याने १९३८ मध्ये दगडी लाटरोधकांचे सूत्र दिले, आणि १९४९ मध्ये नोगालेस या सहकाऱ्याबरोबर लाट उतारावर फुटणार की न फुटता परत फिरणार, हे ठरवणारी कसोटी मांडली. कसोटीचा गाभा असा की उतार एकटा काही सांगत नाही. तो लाटेच्या तिरपेपणाशी, म्हणजे उंची आणि लांबी यांच्या प्रमाणाशी ताडून पाहावा लागतो. बारा महिने तोच राहणारा उतारही छोट्या तोकड्या लाटेला सपाट आणि लांब संथ लाटेला उभा ‘वाटतो’. या गुणोत्तराचे महत्त्व नेदरलंड्सच्या यूरयेन बात्येस यांनी १९७४ मध्ये नेमके दाखवले, आणि ते आज इरिबारेन अंक म्हणून ओळखले जाते.

मधल्या काळात, १९५९ मध्ये, हंट या अभियंत्याने लाटेच्या धावेचे ते सूत्र दिले ज्यावर पुढची बरीच सूत्रे बेतली आहेत. लाटेची उंची आणि खोल समुद्रातली तिची लांबी यांचा गुणाकार करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि उताराने गुणायचे. दोन मीटर उंचीची, दहा सेकंदांची लाट घेतली तर तिची लांबी सुमारे १५६ मीटर. वर्गमूळ साडेसतराच्या थोडे पुढे. उतार एकास दहा असेल तर धाव पावणेदोन मीटरच्या घरात. हंटच्या मूळ सूत्रात मात्र २.३ असा एक आकडा होता. तो फूट मापातला आहे. मीटरमध्ये तिथे १.२५ येतो. जुन्या पुस्तकातून सूत्र जसेच्या तसे उचलून त्यात मीटर भरले की धाव जवळजवळ दुप्पट निघते, आणि विद्यार्थी त्यात अजूनही सापडतात.

मापाचे घोटाळे इथेच संपत नाहीत. एकास वीस हा उतार कुणी ०.०५ असा टँजंट लिहितो, कुणी २० असा कोटँजंट, कुणी २.८६ अंश. शिवाय आपल्याकडच्या आराखड्यांत काही ठिकाणी उभे माप आधी तर काही ठिकाणी आडवे आधी लिहितात. त्यामुळे १:२ आणि २:१ हे दोन्ही एकाच बांधाचे असू शकतात. सॉफ्टवेअरला यातले काहीही चालते. रकान्यात आकडा बसला की ते मुकाट्याने गणित करते.

खरी अडचण हंटच्या सूत्रात दडलेली होती. ते एका सरळ, अखंड उतारासाठी होते. असा उतार प्रयोगशाळेतल्या लाकडी फळीचा असतो. खऱ्या किनाऱ्याला बुडलेला वाळूचा बांध असतो, मग थोडी खोलगट जागा, मग पाण्याजवळचा उभा भाग, वर सपाट पुळण आणि मागे कदाचित दगडी बंधारा. यातला उतार कोणता? अमेरिकेच्या बीच इरोजन बोर्डात काम करणाऱ्या थॉर्नडाइक सॅव्हिल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस याचे उत्तर दिले. लाट फुटते तो बिंदू आणि पाणी चढते तो सर्वांत वरचा बिंदू, या दोहोंना जोडणारी काल्पनिक सरळ रेषा घ्यायची आणि तिचाच उतार धरायचा. पण वरचा बिंदू तर आपल्याला काढायचा आहे! म्हणून आधी धावेचा अंदाज करायचा, त्यावरून उतार काढायचा, उतारावरून धाव काढायची, ती अंदाजाशी जुळली नाही तर पुन्हा तेच. तीन-चार फेऱ्यांत आकडे जुळतात. सॅव्हिलच्या रीतीतला मोठा विचार असा, की उतार हा निव्वळ किनाऱ्याचा गुणधर्म उरत नाही. तो त्या दिवशीच्या लाटेवरही अवलंबून असतो. मोठी लाट दूर फुटते, म्हणून तिचा सरासरी उतार वेगळा. छोटी लाट जवळ फुटते, तिला फक्त काठाचा उभा भाग दिसतो.

ही रीत धरणे, बंधारे आणि दगडी कामांसाठी. पुळणीचे पाहणारे लोक वेगळे होते आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो वाळूचा. विलर्ड बॅस्कम यांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पुळणी मोजून १९५१ मध्ये दाखवले की वाळू जितकी भरड, तितका पाण्याजवळचा उतार उभा. कारण सोपे आहे: भरड वाळूत चढलेले पाणी लगेच मुरते, परतणारा ओघ कमजोर पडतो आणि वर आलेली वाळू वरच राहते. बारीक वाळू पाणी मुरू देत नाही. परतीचे पाणी तिला खाली ओढते आणि पुळण सपाट होते. कोकणात याची दोन टोके पाहायला मिळतात. अलिबागची पुळण इतकी सपाट की ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. गणपतीपुळ्याला पाण्याजवळचा उतार उभा, दोन पावलांत पाणी छातीला लागते, आणि त्यामुळेच तिथे पोहणाऱ्यांसाठी धोक्याच्या सूचना लावाव्या लागतात.

उतार मोजण्याची सगळ्यात स्वस्त रीत याच सुमाराची. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये ती छापली. सामान म्हणजे सारख्या उंचीच्या, वरून खाली खुणा केलेल्या दोन काठ्या आणि ठरावीक लांबीची दोरी. एक जण पाण्याकडे काठी रोवून उभा राहतो, दुसरा दोरीच्या अंतरावर जमिनीकडे. जमिनीकडचा माणूस पुढच्या काठीचे टोक आणि समुद्राचे क्षितिज एका रेषेत धरतो आणि ती रेषा आपल्या काठीवर टोकापासून किती खाली येते ते वाचतो. तेवढीच पुळण त्या दोरीच्या लांबीत उतरलेली असते. आकडा वहीत लिहायचा, दोघांनी एकेक दोरी पुढे सरकायचे. पाण्याच्या कडेपर्यंत गेले की उताराचे पूर्ण चित्र हाती येते. काठी वाळूत खचू द्यायची नाही, दोरी ताणलेली ठेवायची आणि ओहोटीच्या तळाला काम उरकायचे, एवढे पथ्य पाळले की झाले. कोकण आणि गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, क्षितिज मोकळे मिळते, म्हणून ही रीत तिथे छान चालते. खाडीत ती फसते, कारण समोरचा काठ क्षितिजाच्या जागी येतो. डंपी लेव्हल आणि स्टाफ ही सर्वेक्षणाची साधने घेऊन केलेले मोजमाप अधिक पक्के, पण त्याला माणसे, वेळ आणि जवळपास पक्की खूण लागते.

१९८० च्या दशकात पुळणीवरची धाव प्रत्यक्ष मोजली जाऊ लागली. गुझा आणि थॉर्न्टन यांनी १९८२ मध्ये निष्कर्ष छापले, तर हॉलमन यांनी १९८६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डक इथल्या किनाऱ्यावरचे. डकला पुढे कॅमेऱ्यांनी पाण्याची कड टिपण्याचे तंत्र रुजले. या सगळ्या मोजमापांची मोट २००६ मध्ये हिलरी स्टॉकडन आणि सहकाऱ्यांनी बांधली. दहा मोहिमा, अमेरिकेचे दोन्ही किनारे आणि नेदरलंड्सचे टेर्शेलिंग बेट, आणि त्यांतून एक सूत्र. शंभरांतल्या फक्त दोन लाटा ज्याच्या वर जातात, अशी धाव ते देते. आज जगभर पुळणीसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे सूत्र हेच असावे. त्यातल्या उताराची व्याख्या मात्र सॅव्हिलच्या व्याख्येहून अगदी निराळी आहे. लाटांमुळे काठाशी पाणी सरासरी थोडे फुगून राहते. त्या फुगवट्याच्या आसपास पाण्याची कड जेवढ्या पट्ट्यात वर-खाली होते, तेवढ्याच पट्ट्याचा सरासरी उतार घ्यायचा. म्हणजे पाण्याजवळचा अरुंद, उभा भाग. त्यात ना फुटण्याचा बिंदू, ना मागचा बंधारा.

हा फरक किती महागात पडू शकतो ते त्याच दोन मीटर, दहा सेकंदांच्या लाटेवर पाहता येते. स्टॉकडन यांच्या सूत्रात एकास दहा उतार भरला तर धाव सुमारे १.६३ मीटर येते, एकास वीस भरला तर १.०५. अगदी सपाट, एकास पन्नास पुळणीला सूत्र उतार सोडूनच देते आणि ०.७६ मीटर सांगते. पाण्याजवळचा भाग एकास दहा असलेल्या पुळणीचा, फुटण्याच्या जागेपासून धरलेला सरासरी उतार सहज एकास पन्नास असू शकतो. सॅव्हिलच्या व्याख्येचा आकडा स्टॉकडनच्या रकान्यात गेला तर धाव निम्म्याहून कमी दिसते, आणि अहवालात कुठेही चूक दिसत नाही.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते. एक मीटर उंचीची पण सोळा सेकंदांची लाट एकास दहा उतारावर सुमारे १.८५ मीटर चढते; म्हणजे दुप्पट उंच, दहा सेकंदांच्या लाटेपेक्षाही जास्त. दक्षिण महासागरातल्या वादळांत उठून हजारो किलोमीटर चालत आलेल्या अशा लांब लाटा पावसाळ्याबाहेर, निरभ्र दिवशीही, भारताच्या किनाऱ्यांवर येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते. वारा नाही, ढग नाहीत आणि पाणी मात्र होड्यांपर्यंत आले, अशी तक्रार कोळीवाड्यांत होते, तिचे कारण बहुधा हे.

सॉफ्टवेअरचा इतिहास त्या मानाने थोडक्यात सांगण्यासारखा. अमेरिकेच्या पूरविमा योजनेसाठी स्टोन अँड वेब्स्टर या कंपनीने १९८१ मध्ये लाटेच्या धावेचा प्रोग्राम तयार केला. १९९० च्या सुमारास त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात किनाऱ्याचे चित्र तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक तुकड्याच्या खडबडीतपणासह भरायचे असे. नेदरलंड्समध्ये बांधांसाठीची पुस्तिका २००२ मध्ये निघाली, आणि तिच्यातून २००७ मध्ये युरोपची एकत्रित पुस्तिका झाली. त्यात पुन्हा उताराची स्वतंत्र व्याख्या आहे: शांत पाण्याच्या खाली दीड लाट-उंची आणि वर धावेपर्यंत. २००९ चे एक्सबीच आणि २०११ चे स्वॉश ही डच सॉफ्टवेअर एक पाऊल पुढे गेली. त्यांना एक आकडा नको, पूर्ण तळ हवा. उताराचा रकानाच उडाल्याने वाद मिटला असे अनेकांना वाटले. तो मिटला नाही, जागा बदलून बसला. तळाचे चित्र किती बारीक चौकटींत टिपले, बुडलेला वाळूचा बांध त्यात आला की नाही, आणि ते चित्र कधीचे, हे आता विचारावे लागते.

‘कधीचे’ हा प्रश्न कोकणात सगळ्यात टोकदार. जूनमध्ये समुद्र खवळला की पुळणीची वाळू खरवडून खोल पाण्यात जाते, बुडलेला बांध तयार होतो आणि काठ सपाट होतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो, दिवाळीपर्यंत वाळू परतू लागते, आणि मे महिन्यापर्यंत पाण्याजवळ उभा उतार आणि वर भरलेली पुळण तयार असते. किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. पण मोजमापाची पथके येतात ती नोव्हेंबर ते मे या काळात, कारण पावसाळ्यात होडीही पाण्यात उतरत नाही आणि काठीही वाळूत ठरत नाही. संकल्पनासाठी घेतली जाते ती लाट मात्र जुलैची.

उदाहरणादाखल, चार मीटरची दहा सेकंदांची पावसाळी लाट मे महिन्याच्या एकास दहा उतारावर सोडली, तर स्टॉकडन यांचे सूत्र धाव २.३ मीटर सांगते. तीच लाट पावसाळ्यात सपाट झालेल्या एकास पंचवीस उतारावर १.०७ मीटर. निम्म्याहून कमी! मे महिन्याचा आकडा वापरला म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहिलो, असा निष्कर्ष इथे काढला जातो आणि तो फसवा आहे. पावसाळ्यात पुळणीची उंचीच खाली गेलेली असते, त्यामुळे कमी धावही जास्त आत पोहोचते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी वाळू निघून गेली की तिथे पाणी खोल होते आणि जी लाट दूर फुटायला हवी ती थेट दगडांवर येऊन फुटते. रत्नागिरीजवळचा मिऱ्या बंधारा जवळजवळ दर पावसाळ्यात बातम्यांत असतो. अशा ठिकाणी एकच उतार बारा महिने खरा मानणे परवडत नाही.

दुसरी गोची शून्याची. जमिनीचे नकाशे सरासरी समुद्रसपाटीपासून उंची मोजतात. समुद्राचे नौकानयन नकाशे मोजतात ते जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीपासून, म्हणजे जहाजाला निदान इतके पाणी नक्की मिळेल हे कळावे म्हणून. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते. तिथे या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. पुळणीचे मोजमाप एका शून्याचे आणि पाण्याखालचे दुसऱ्या शून्याचे असे जोडले, तर पाण्याच्या कडेशीच अडीच मीटरची खोटी पायरी तयार होते. धाव ज्या पट्ट्यावर ठरते नेमका तोच पट्टा त्यामुळे बिघडतो.

या गोंधळाचा सार्वजनिक नमुना दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत छापून येतो. अमुक तारखांना मुंबईच्या किनाऱ्यावर ‘साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार’ अशी यादी असते. ते आकडे लाटांचे नसतात, भरतीचे असतात, आणि तेही नौकानयन नकाशाच्या शून्यापासूनचे. लाट त्यांच्यावर वेगळी येते आणि ती किती चढेल हे त्या यादीवरून कळत नाही.

भारतात या विषयाची दोन जुनी ठिकाणे मराठी मुलखात किंवा त्याच्या शेजारी आहेत. पुण्याचे केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान केंद्र मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी सुरू केले, म्हणजे तिघरा धरण पुरे झाले त्याच वर्षी. खडकवासल्याच्या त्याच्या आवारात लाटा निर्माण करणाऱ्या लांब टाक्या आहेत. बंदरांच्या आणि बंधाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती त्यात घालून दगड हलतो का, पाणी माथ्यावरून जाते का हे पाहतात. गोव्याच्या दोनापावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ची. कळंगुटसारख्या पुळणींचा ऋतुमानाप्रमाणे होणारा बदल तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून नोंदवला आहे. पुण्यात उतार ठरवून बांधतात, गोव्यात जसा आहे तसा मोजतात. दोन्ही गरजेचे आहे, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

कायद्याने या आकड्याला अर्धवटच जागा दिली आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सगळे अंतर मोजले जाई ते भरतीरेषेपासून, आणि ती रेषा उधाणाच्या भरतीचे पाणी पोहोचते तिथली. लाटेच्या धावेचा वेगळा हिशेब तिच्यात नव्हता. २०११ च्या अधिसूचनेत लाटा, धूप आणि समुद्रपातळीची वाढ धरून धोकारेषा आखायचे ठरले. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरती ठेवली.

अलीकडे उतार वरून मोजण्याची सोय झाली आहे. अमेरिकेत विमानातून लेझरने पुळणी मोजण्याची रीत रुजून वीस-पंचवीस वर्षे झाली. त्याहून स्वस्त युक्ती २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या किलियन व्होस आणि सहकाऱ्यांनी मांडली. लँडसॅट आणि सेंटिनेल उपग्रहांच्या चित्रांत पाण्याची कड दिसते. ती भरतीप्रमाणे पुढे-मागे सरकते. पुळण सपाट असेल तर जास्त सरकते, उभी असेल तर कमी. वर्षानुवर्षांच्या चित्रांतून, भरतीचा परिणाम ज्या उताराने सर्वांत चांगला पुसला जातो तो उतार खरा मानायचा. माणूस पुळणीवर जायची गरज नाही. कोकणासारख्या कमी मोजलेल्या किनाऱ्याला ही पद्धत सोयीची वाटते, पण पावसाळ्याचे चार महिने ढग असतात आणि चित्रे मिळतात ती पुन्हा कोरड्या ऋतूची. शिवाय मिळणारा उतार अनेक वर्षांची सरासरी असतो. जुलैतल्या उधाणाच्या एका रात्रीचा उतार त्यातून मिळत नाही. त्यासाठी ओहोटीच्या वेळी दोन काठ्या घेऊन पुळणीवर जाण्याला आजही पर्याय नाही, आणि स्थानिक महाविद्यालयांना व ग्रामपंचायतींना ते काम दरमहा करणे सहज शक्य आहे.

तोवर, कोकणातल्या कोणत्याही बंधाऱ्याच्या अहवालात उताराचा आकडा दिसला तर तो कोणत्या महिन्यात, कोणत्या दोन बिंदूंमध्ये आणि कोणत्या शून्यापासून मोजला हे शेजारी लिहिलेले आहे का ते पाहावे. लिहिलेले नसेल तर तो अहवाल मंजूर करू नये.